राणीची बाग की कात्रज? प्राण्याच्या बाजूने मांडलेला हिशेब

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०२० पासून वाघ, बिबट्या, अस्वल यांना नव्या धाटणीची घरं मिळाली. समोर जाड काच, आत झाडोरा, खडक, पाण्याचं कुंड. वाघ काचेला टेकून बसला की मिशीचा केस न केस मोजता येतो. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गंमत उलटी. तिथे मधे खंदक, पलीकडे गवत आणि झाडी, आणि वाघ सावलीत आडवा झाला असेल तर कान तेवढे दिसणार. मुलं कंटाळतात, पालक ‘काही दिसलंच नाही’ म्हणत पुढे सरकतात.

तरीही आमचं मत कात्रजच्या बाजूने पडतं.

राणीच्या बागेची सगळी जागा मिळून ५३ एकरांच्या आसपास, त्यातही जुन्या, जपण्यासारख्या वृक्षांचा वाटा मोठा. कात्रजचा परिसर सुमारे १३० एकर, त्यात मोठं तळं. नियमाने वाघाच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटर मोकळं आवार लागतं, बिबट्यांच्या जोडीला ५००. पण हा आकडा कागदावरचा. ४० बाय २५ मीटरच्या आवारात लांब बाजूने ६ मीटर रुंदीचा खंदक काढला, की २४० चौरस मीटर तिथेच गेले. काचेचा खरा फायदा हा: ती जागा खात नाही. कमी जागेत काच लावणं म्हणूनच चूक नाही. चूक होते ती काच तीन बाजूंनी लावली की. मग प्राण्याला पाठ फिरवून बसायला कोपराच उरत नाही, आणि काचेवर थापा मारणाऱ्यांपासून सुटकाही नाही.

प्रेक्षकाला प्राण्याच्या अधिवासातच उभं करण्याची कल्पना गाजली ती अमेरिकेत सिएटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयातल्या १९७९ च्या गोरिलांच्या आवारामुळे. तिथे कुंपण झाडीत लपवलं, प्रेक्षकाच्या बाजूलाही तशीच झाडी लावली, आणि गोरिलांना नजरेआड जाण्याची मुभा दिली. आपल्याकडे नक्कल होते ती पहिल्या भागाची. सिमेंटचे खडक दिसायला झकास, पण मे महिन्यात दुपारी तापून निघतात. वाघाला त्यांचा उपयोग शून्य. त्याला हवी ओली माती, दाट सावली आणि अंग बुडेल एवढं पाणी.

कुठलंही आवार पारखायचं तर कुंपणाच्या कडेची जमीन बघा. गवत घासून मातीचा उघडा पट्टा पडला असेल, तर प्राणी तिथे रोज येरझाऱ्या घालतोय. संध्याकाळी रात्रनिवाऱ्याच्या दाराशी घातलेल्या फेऱ्या वेगळ्या, ती जेवणाची वाट पाहणं असतं. सकाळी अकरालाही तेच चाललं असेल तर काळजीचं. मग झाडांचे बुंधे बघा. जाळी किंवा विजेच्या तारेचं संरक्षण नसेल तर वाघ साल ओरबाडतो, हरणं कोवळा पाला संपवतात, आणि ‘नैसर्गिक’ आवाराचं दोन-तीन वर्षांत मैदान होतं. प्रशस्त आवारांचा हा नेहमीचा आजार आहे. पावसाळ्यात खंदकाचा निचरा तुंबला तर दुसरा.

राणीच्या बागेतल्या पेंग्विन कक्षाबद्दल एक सांगायलाच हवं. हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फ लागत नाही. लागतं ते थंड, स्वच्छ, पोहण्याइतकं खोल पाणी आणि घरट्यासाठी बिळासारखी जागा. गर्दीत रेटारेटी करून पुढे जाण्यापेक्षा दोन मिनिटं पाण्याची पातळी दिसेल असे उभे राहा. पोहणारा पेंग्विन हाच इथला खरा देखावा आहे. पक्ष्यांचा चालत फिरता येणारा पिंजरा मात्र राणीच्या बागेतली सर्वांत जमलेली गोष्ट. उंची भरपूर असल्याने पक्षी माणसांच्या डोक्यावरून निघून जाऊ शकतात. आत शिरताना एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नका.

जाणाऱ्यांसाठी: दोन्हीकडे बुधवारी सुट्टी. राणीच्या बागेत सकाळी उघडताच जा. दुपारी काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. कात्रजला दुर्बीण न्या आणि एका आवारापाशी किमान वीस मिनिटं थांबा.

राणीच्या बागेला आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. काचेच्या आत दीड-दोन मीटर झाडीचा पट्टा, प्रेक्षकांच्या बाजूला सावली देणारं छत, आणि प्रत्येक आवाराची एक बाजू माणसांना पूर्ण बंद.