तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी मोटू एम2 घ्यावा का?

मोटू एम2 म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस. घरी तानपुरा आणि गळा रेकॉर्ड करायला मला एकदम स्वच्छ प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) हवा होता, म्हणजे माइकमधून आलंय तेच पुढे जाईल, त्यात स्वतःचं काही मिसळणार नाही असा. तानपुऱ्याचा सगळा जीव जवारीत, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या त्या झंकारात असतो, खर्ज छेडला की त्यातून स्वयंभू गंधार हळूच वर येतो ना, तो नीट ऐकू यायला हवा. नीव्ह 1073 सारखे ट्रान्सफॉर्मरवाले प्रीॲम्प गाण्याच्या आवाजाला मस्त भरदार करतात, पण जवारीवर त्यांनी आपले आणखी हार्मोनिक्स (मूळ सुरावरचे उपस्वर) चढवले की सगळं गढूळ होतं, निदान माझ्या कानाला तरी.

मोटू एम2 मध्ये प्रीॲम्प आतच आहेत, 60 डीबी गेन (म्हणजे आवाज किती वाढवता येतो ते) आणि कंपनी नॉइज सांगते -129 डीबीयू, आकडा जितका खाली तितका प्रीॲम्प शांत. आता माइकऐवजी 150 ओहमचा साधा रेझिस्टर जोडला तरी त्याचा स्वतःचाच नॉइज -131 च्या आसपास असतो, म्हणजे याच्या खाली जायला फारशी जागाच नाही! त्यामुळे निव्वळ हिस (मागची सूं-सूं) कमी व्हावा म्हणून बाहेरचा महागडा प्रीॲम्प घ्यायचा विचार असेल तर आधी आपला माइक कुठला ते बघा. रोड एनटी1-ए हा कंडेन्सर माइक घोडीसमोर हातभर अंतरावर लावलात तर माइकचा स्वतःचा नॉइज, अगदी 5 डीबी असूनही, या प्रीॲम्पच्या जवळपास 10 डीबी वर राहतो, मग प्रीॲम्प ऐकूच येत नाही. हेडफोन लावून ऐकलं तर ऐकू येतो तो पंखा, फ्रिज आणि खालचा रस्ता.

उलट एसएम7बी सारखा कमी आउटपुटचा डायनॅमिक माइक तानपुऱ्यासमोर ठेवलात तर हिस येणारच. बरेच जण म्हणतात क्लाउडलिफ्टर (माइक आणि प्रीॲम्पच्या मध्ये लावायचा छोटा बूस्टर) लाव, पण त्याने गेन वाढतो, हिस मात्र यावर फार तर एक-दोन डीबीने कमी होईल कारण वर म्हटलं तसं खाली जागाच उरलेली नाही. तोंडाजवळ धरून बोलायला तोच माइक झकास.

समोरचा रंगीत मीटर फार कामाचा, लेव्हल लांबून दिसते, तानपुरा मांडीवरून हलवावा लागत नाही. कंडेन्सर माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण दोन्ही चॅनलला वेगवेगळं आहे हेही बरं.

खटकलं ते एकच, पॅड (फार मोठा सिग्नल आधीच कमी करणारं बटण) नाही आणि लो-कटही (खालची घरघर कापणारा फिल्टर) नाही. पंख्याची घरघर नंतर सॉफ्टवेअरमध्ये कापायची, आणि डग्ग्याजवळ कंडेन्सर लावलात तर गेन अगदी खाली आणून माइक मागे सरकवावा लागतो. तबलाच मुख्य असेल तर पॅडवाला माइक घ्या. तानपुरा, सतार, गळा यांना मात्र डोळे झाकून एम2 घ्या, उरलेले पैसे माइकवर घाला.