इंदूरहून लांब जायचंय: पॉलिकार्बोनेट, फायबर की फ्लिप-अप?

बहिणीच्या मुलानं दसऱ्याला 350 सीसीची गाडी घेतली आणि आठवड्याच्या आत मला फोन केला, "मावशी, हेल्मेट कोणतं घेऊ?" दुकानदारानं त्याच्यापुढे तीन ठेवली होती. एक साधं पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, पूर्ण तोंड झाकणारं फुल-फेस, दुसरं त्याहून बरंच महाग फायबरग्लासचं फुल-फेस, आणि तिसरं हनुवटीचा भाग वर उचलता येणारं फ्लिप-अप. या तिन्ही प्रकारांत मी मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर केलंय, एकदा धुळ्यावरून नाशिकही. म्हणून त्याला फोनवर सांगितलं ते इथे नीट मांडते.

आधी आपल्या रस्त्यांचं. इंदूर माळव्याच्या पठारावर, आणि दक्षिणेला कुठेही निघालात तरी घाट उतरून निमाडात जावं लागतं. जुलैत महूकडून जाम गेटला पोचलं की ढग अंगावर येतात, काच आतून पांढरी होते. अर्ध्या-पाऊण तासानं खाली मंडलेश्वरला घामानं कपाळ भिजतं. मेमध्ये निमाडातली लू वेगळीच. एकाच दिवसात हे सगळं सोसेल असं हेल्मेट आपल्याला हवं. शहरातल्या शहरात राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत जायला जे पुरतं, ते इथे कमी पडतं.

तीन प्रकारांची तुलना करण्याआधी मापाचं बोलते, कारण माझं पहिलं हेल्मेट तिथेच फसलं. दुकानात घट्ट वाटलं म्हणून एक नंबर मोठं घेतलं. महिन्याभरात आतला फोम दबला, आणि मानपूरच्या घाटात शेजारून ट्रक गेला की वाऱ्याच्या झोतानं हेल्मेट कपाळावरून मागे सरकायचं. एका हातानं ते धरून घाट उतरले, तो दिवस विसरलेली नाही. नवीन हेल्मेटनं गाल दाबले पाहिजेत, इतके की बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येते. पण कपाळावर एकाच जागी दुखत असेल तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, नंबर बदलून उपयोग नाही, कंपनी बदला. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून घेर मोजा. बहुतेकांच्या तक्त्यात 57-58 सेंटिमीटर म्हणजे एम, 59-60 म्हणजे एल. मग पट्टा बांधून मागची कड वर ढकलून बघा, हेल्मेट पुढे निघून आलं तर ठेवून द्या. दुकानात निदान पंधरा मिनिटं घालून बसा, दुकानदार काही म्हणो. केस लांब असतील तर सैल वेणी मानेवर सोडा. अंबाड्यावर कुठलंच हेल्मेट नीट बसत नाही.

आता पॉलिकार्बोनेट आणि फायबर. अनेकांना वाटतं की फायबर म्हणजे जास्त सुरक्षित. तसं सरसकट नाही. धक्का मुख्यतः शोषतो तो आतला थर्मोकोलसारखा थर. तो चिरडला जातो आणि पुन्हा फुगत नाही, म्हणूनच एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. वरच्या कवचाचं काम धक्का पसरवण्याचं. पॉलिकार्बोनेट थोडं लवचीक असतं, फायबरचे थर तडकून ऊर्जा खातात. दोन्ही त्याच चाचणीतून पास होऊ शकतात. खरा फरक मला दुसरीकडे जाणवला. महागड्या हेल्मेटमध्ये बहुधा कवचाचे दोन-तीन आकार असतात. स्वस्तात एकाच कवचात फोम कमीजास्त करून सगळे नंबर काढतात. डोकं लहान असेल तर ते मडक्यासारखं दिसतं आणि वारा जास्त धरतो. वजनाचं म्हणाल तर नुसत्या नावावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. 1500 ग्रॅमच्या खाली असेल तर तीनशे किलोमीटरनंतर मान आभार मानते. पॉलिकार्बोनेट वापरणाऱ्यांनी एक पाळावं: पेट्रोल, थिनर, रंग त्यावर लावू नये, प्लास्टिक आतून कमजोर होतं.

फ्लिप-अप मी चार वर्षं वापरलं, आणि मला चष्मा असल्यानं ते मनापासून आवडलंही. चष्मा न काढता घालता येतं, पेट्रोल पंपावर तोंड उघडून बोलता येतं, सिमरोलला चहा पिताना डोक्यावरून उतरवावं लागत नाही. पण बिजागरी आली की वजन आलं आणि वाऱ्याची शीळही आली. ताशी 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत जवळपास 100 डेसिबलचा आवाज असतो. फ्लिप-अपमध्ये हनुवटीच्या सांध्यातून तो आणखी शिरतो. फोमचे इअरप्लग घालत गेले तेव्हा नाशिकहून परतल्यावर कानात गुंजणं थांबलं, ही सवय कुठल्याही हेल्मेटबरोबर लावून घ्या. आणखी एक: पट्ट्यावरच्या ईसीई या युरोपीय मानकाच्या लेबलवर पी/जे असं असेल तरच हनुवटी वर ठेवून चालवण्यासाठीही ते तपासलेलं असतं. नुसतं पी असेल तर चालवताना बंदच ठेवायचं. घाटात जबड्यावर पडणारा माणूस मी पाहिला आहे, म्हणून तरुण मुलांना मी साधं अखंड फुल-फेसच सुचवते. चष्मा असेल आणि वेग 80 च्या आत ठेवणारे असाल, तर फ्लिप-अप घ्या, बिनधास्त घ्या.

लेबलं वाचायला शिका, त्याला दोन मिनिटं लागतात. आयएसआय खूण, वर आयएस 4151 हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलचा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर अॅपवर टाकून खरा की खोटा बघता येतो. 1 जून 2021 पासून भारतात ही खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, त्यामुळे परदेशातून आणलेल्या नुसत्या ईसीई किंवा डॉट या अमेरिकी मानकाच्या हेल्मेटवर कायद्याच्या दृष्टीनं विसंबू नका. डॉटमध्ये कंपनी स्वतःच पास झाल्याचं जाहीर करते. ईसीईत विकण्याआधी बाहेरची चाचणी लागते. त्याच्या लेबलवर वर्तुळात ई आणि देशाचा आकडा असतो, पुढचा क्रमांक 06 नं सुरू होत असेल तर ती 22.06 ही नवी आवृत्ती. तिच्यात कमी-जास्त दोन्ही वेगांचे धक्के आणि तिरकस आदळल्यावर डोकं फिरण्याची चाचणी आहे. आयएसआय आणि ईसीई 22.06 दोन्ही असलेली हेल्मेट आता मिळतात, जमलं तर तीच घ्या.

काचेवर मात्र पैसे वाचवू नका. व्हायझरच्या आत पिनलॉक, म्हणजे वाफ अडवणारी दुसरी काच, बसवायला दोन खुंट्या आहेत का ते बघा, आणि ती आतली काच डब्यात आहे की वेगळी विकत घ्यायची तेही विचारा. दोन काचांमध्ये हवा अडकते, आतली काच थंड पडत नाही, वाफ बसत नाही. जाम गेटला मी पिनलॉक नसताना काच बोटभर उघडून पावसात चालवली आहे, आणि पिनलॉकसह बंद ठेवूनही. दुसरा अनुभव घेतल्यावर पहिला कधीच नको वाटतो. गडद काच लावून रात्री भेरूघाट उतरू नका, आतून खाली ओढता येणारा सनशेड असला की त्या काचेची गरजच पडत नाही.

आता आमच्या भाच्याचं. त्याला चष्मा नाही, घेर 58, आठवड्याला एकदा महेश्वर. त्याचा जीव फायबरच्या काळ्या हेल्मेटवर होता. मी विचारलं, मागे कोण बसतं? म्हणाला, आई. ताईच्या डोक्यावर तर अजून गळ्यात लोंबणारं, पट्टा तुटलेलं जुनं अर्धं हेल्मेट आहे. म्हणून त्याला सांगितलं, त्या एका फायबरच्या पैशात पिनलॉकवाली दोन चांगली पॉलिकार्बोनेट घे, आणि रविवारी आईला बरोबर घेऊन दुकानात जा, तिचंही डोकं टेपनं मोजायचं आहे.