म्हात्रे पुलाजवळचा योगवर्ग : वजन कमी करायचं असेल तर जाऊ नका

आधीच सांगते, वर्गाचं नाव लिहिणार नाहीये. बाईंनीच बजावलंय, "माझ्याकडे चोवीस चटया आणि सत्तावीस माणसं झालीत, आता आणखी कुणाला सांगत बसू नका." त्यामुळे एवढंच की एरंडवण्यात, म्हात्रे पुलाच्या अलीकडे, जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ज्याला शोधायचंय तो शोधेलच.

मी सीएच्या ऑफिसात आहे. सप्टेंबर म्हणजे ऑडिटचा महिना, ३० तारीख डोक्यावर, आणि गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात असं व्हायला लागलं की रात्री बरोब्बर तीनला जाग यायची आणि मग कुठल्या क्लायंटचं कुठलं बिल राहिलंय याची उजळणी सुरू, ती थेट दूधवाला येईपर्यंत. डॉक्टरांकडे जाऊन आले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग एक अ‍ॅप घेऊन पाहिलं, त्यातली बाई इतकी हळू बोलायची की हिचं वाक्य संपणार कधी याचंच टेन्शन यायचं. मग एका एसी स्टुडिओत तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले, तिथे आरसे, म्युझिक, आणि शवासन दोन मिनिटं, कारण पुढची बॅच दारात उभी. ते पैसे बुडालेच.

इथे पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतला. बीपी आहे का, काचबिंदू आहे का (असेल तर डोकं खाली असलेली आसनं देत नाहीत), पाठीचं काही, आणि शेवटी कशासाठी आलात. मी लिहिलं मनःशांती. बाईंनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते बघू नंतर. आधी सरळ उभ्या राहा." आणि खरंच अर्धा तास नुसतं उभं राहायला शिकवलं! डावा पाय आतल्या बाजूला कलतो हे मला सेहेचाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.

बाई अय्यंगार पद्धतीच्या आहेत, म्हणजे लाकडी विटा, पट्टे, घडीच्या खुर्च्या, भिंतीतले दोर, लोड, चादरींचा ढीग. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि १९७५ ला त्यांची संस्था इथेच उभी राहिली, तिथे जगभरातून लोक शिकायला येतात आणि आपल्याला कोथरूडहून एरंडवण्यात यायचा कंटाळा. असो.

पहिले दोन महिने मला वाटायचं हे सगळं गुडघ्या-खांद्यांचंच चाललंय, मनाचं कधी येणार. एकदा त्रिकोणासनात बाई ओरडल्या, "मागची टाच कुठेय?" मी टाचेकडे लक्ष दिलं तर हात सुटला, हात धरला तर टाच सुटली, आणि आसनातून बाहेर आल्यावर लक्षात आलं की गेलं मिनिटभर एकही क्लायंट डोक्यात नव्हता. हे त्या मुद्दाम करतात. पोथी फारशी काढत नाहीत, पण पतंजलींचं दुसरंच सूत्र, योगश्चित्तवृत्तिनिरोधः (चित्ताच्या वृत्ती, म्हणजे मनाची सारखी चाललेली वळवळ, थांबणं हाच योग), एवढं एक त्या अधूनमधून म्हणतात. आसनं त्याच्यासाठी, उलटं नाही.

आता ऑगस्टमधला प्रसंग सांगते, कारण माझ्या मते फीचे पैसे त्या एका दिवशी वसूल झाले. संध्याकाळची बॅच, सगळे शवासनात, डोळ्यांवर क्रेप बँडेज गुंडाळलेलं (सुरुवातीला घाबरायला होतं, मग सवय होते), आणि खाली नदीकडे ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना कळेल, कानाने नाही बरगड्यांनी ऐकू येतो. एक काका म्हणाले, "बाई, खिडक्या लावून घ्या." त्यांनी नाही लावल्या. म्हणाल्या, "ढोल वाजतोय हे कळलं ना, ते प्रमाण, ते खरंच आहे. गेल्या वर्षी यांच्याशी भांडण झालेलं ते आठवलं, ती स्मृती. पोलिसांकडे द्यायचा अर्ज मनात लिहायला घेतला असेल, तो विकल्प, नुसते शब्द. कुणाला आपलाच फोन वाजतोय असं वाटलं, तो वाजत नाहीये, तो विपर्यय." तेवढ्यात कोपऱ्यातनं घोरणं ऐकू आलं, आणि बाई त्याच आवाजात, "आणि ती निद्रा." सगळा हॉल हसला, काका जागे झाले. पतंजलींच्या पाचही वृत्ती एका शवासनात! मी खरंच अर्ज लिहीत होते हो, मायना होऊन विषयापर्यंत पोचलेले.

नंतर परत झोपवलं आणि म्हणाल्या, ढोल राहू दे, अर्ज खाली ठेवा. जमलं असं नाही म्हणणार. चार वेळा ठेवला, पाच वेळा उचलला. पण आपण उचलतोय हे दिसलं.

प्राणायाम मात्र लगेच मिळत नाही, मला तर चौथ्या महिन्यात मिळाला. चादरीची लांब अरुंद घडी पाठीच्या कण्याखाली घेऊन झोपायचं आणि फक्त सोडायचा श्वास लांबवायचा, रोखायचा नाही, मोजायचा नाही, दम लागला की सोडून द्यायचं. बाईंनी मनगटावर बोटं ठेवायला लावली, श्वास घेताना नाडी जरा पळते आणि सोडताना मंदावते, आपलं आपल्याला कळतं. मी ते घरी नवऱ्यालाही करून दाखवलं, तो म्हणाला मला काही लागत नाहीये. त्याने बोट चुकीच्या बाजूला ठेवलं होतं.

गुण येतो का, तर गेल्या नोव्हेंबरपासून जातेय आणि यंदाच्या सप्टेंबरातही तीनला जाग यायचीच, पण रोज नाही, आठवड्यातून दोनदा वगैरे. आणि आता उजळणी सुरू झाली की कळतं, हां, सुरू झाली. मग उठून भिंतीला पाय लावून विपरीत करणी करते नाहीतर पडल्या पडल्या श्वास सोडत राहते, कधी झोप लागते कधी नाही. कुणी तुम्हाला पंधरा दिवसांत चिंतामुक्त वगैरे सांगत असेल तर तिथे जा, इथे तसलं काही नाही.

तक्रारी आहेत. फी महिन्याला पंधराशे, रोखच, यूपीआय म्हटलं की बाई असं बघतात की आपणच एटीएमकडे निघतो. पावणेसात म्हणजे पावणेसात, शेहेचाळीसला दार बंद, मी दोनदा नळ स्टॉपच्या ट्रॅफिकमुळे तीन जिने चढून तशीच परत गेलेय. गणपतीत पाच दिवस सुट्टी, भरपाईचा वर्ग नाही, विचारायची सोय नाही. पावसाळ्यात लोडांना कुबट वास येतो, हे दोनदा सांगून झालंय. आणि बाई बोलतात. लागेल असं बोलतात. माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी आठवड्यात सोडून गेली, तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

घाम गाळायचाय, फोटो काढायचेत, वजन उतरवायचंय, तर नका जाऊ, माझं अर्धा किलो वाढलंय. गुडघे दुखतात म्हणून घाबरू नका, एक आजी जवळपास सगळं खुर्चीवर बसून करतात आणि आमच्यापेक्षा स्थिर असतात.

पाचपैकी चार. एक कापला तो लोडांचा. जाताना स्वतःची चादर न्या, गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत जागा मिळत नाही, आणि सॉक्स जिन्यातच काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावं लागेल.