बेळगावातलं हॉस्पिटल: लॅब एक नंबर, काउंटर बोगस

नाव लिहीत नाही, काउंटरवर भांडण झालंय आणि आईला फॉलोअपला अजून तिथंच न्यायचंय. खानापूरहून आणलं तेव्हा हुडहुडी भरलेली, बीपी पार खाली, लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलंय म्हणाले. गावात तीन दिवस सेफ्ट्रियाक्सोन ह्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालेली, ताप हाय तिथंच.

कॅज्युअल्टीतल्या नर्सबाईंना पैकीच्या पैकी मार्क. नवीन अँटिबायोटिक लावायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी) घेतलं, तेबी दोन्ही हातांतनं, दोन-दोन बाटल्या, एकेकीत आठ-दहा एमएल. कातडी पुसली की लगेच सुई नाही, "स्वल्प तडीरी अज्जी" (थोडं थांबा आजी) म्हणत वाळू दिलं, नायतर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि रिपोर्ट उगीच पॉझिटिव्ह येतोय म्हणे. आईचं आपलं चालूच, "एवढं रगत काढून काय विकणार काय गं?" आधीच इंजेक्शनं झाल्यामुळं जंतू वाढतोय का नाही ही डॉक्टरांना धाकधूक होती, पण दुसऱ्याच दिवशी मशीननं बाटली पॉझिटिव्ह दाखवली आणि लॅबवाल्यांनी कागदाची वाट न बघता थेट वॉर्डात फोन केला. हे मला लई आवडलं.

ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध जंतूवर चालतंय त्याचा रिपोर्ट, आली, सेफ्ट्रियाक्सोनपुढं आर, सिप्रोपुढं आर, मेरोपेनेमपुढं एस, म्हणजे लागू पडतंय. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही; हा जंतू असा एन्झाईम सोडतोय की तो सेफ्ट्रियाक्सोनलाच तोडून टाकतोय, म्हणजे गावातली तीन दिवसांची इंजेक्शनं पाण्यातच की. मेरोपेनेम अंदाजानं पहिल्या रात्रीच लावलेलं म्हणून निभावलं. बिल बघून घाम फुटला ते वेगळं.

आता तक्रार. रिपोर्टची कॉपी मागितली तर रविवार, सोमवारी या. सोमवारी गेलो तर वॉर्डात विचारा, वॉर्डात गेलो तर काउंटरला विचारा, तिथंच माझं डोस्कं फिरलं. आणि आयसीयूच्या दारातली सॅनिटायझरची बाटली दोन दिवस रिकामी, दाबली की नुसती फुस्स, आत असले जंतू घेऊन माणसं पडलेली आणि आम्ही नातेवाईक तसेच आत-बाहेर! त्याचा एक स्टार कापलाय, काउंटरचा अर्धा. साडेतीन.

घरी जाताना गावातल्या डॉक्टरांना रिपोर्टची झेरॉक्स दिली. चष्मा लावून दोनदा वाचली, काही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि आईला चहा मागवला.