आठ महिने एकच रेकॉर्ड: 'काइंड ऑफ ब्लू'

जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी आता एकच नाव सांगते: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. आणि पहिले दोन-तीन महिने दुसरं काहीही लावू नका. पाच रचना, जेमतेम पाऊण तास. गेले आठ महिने आठवड्यातून तीन-चार वेळा ऐकते आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करते.

याआधी दोनदा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. दोन्ही वेळा चूक तीच. 'जॅझची शंभर गाणी' अशा याद्या लावायच्या आणि कामं करायची. त्यात १९२८चा लुई आर्मस्ट्राँग संपतो न संपतो तोच सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर सुरू होतो, आणि त्याचा वेग असा की कान पोचेपर्यंत तो पुढच्या वळणावर गेलेला असतो. वादक बदलतात, काळ बदलतो, कशाशीच ओळख होत नाही. नव्या माणसाला ख्याल ऐकवायचा तर आपण एका संध्याकाळी बारा घराणी ऐकवतो का? एकाच गायकाचा एक राग नीट ऐकवतो. इथेही तेच करावं.

ही रेकॉर्ड १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत दोन दिवसांत झाली: २ मार्च आणि २२ एप्रिल. माइल्सनं वादकांना सुरांचे आराखडे ऐनवेळी दिले होते. बाकी सगळं तिथेच बसून सुचलेलं. मैफली ऐकलेल्या कानाला ही पद्धत अजिबात परकी वाटत नाही.

पहिली रचना 'सो व्हॉट'. फक्त हिच्यासाठी मी दीड महिना दिला. सुरुवातीला पियानो आणि बास दबक्या आवाजात काहीतरी चाचपडतात. मग पॉल चेंबर्सचा बास प्रश्न विचारल्यासारखा एक तुकडा वाजवतो आणि पियानो दोन स्वरगुच्छांत (कॉर्डमध्ये) उत्तर देतो. थोड्या वेळानं तेच उत्तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन देऊ लागतात. मुखडा संपून माइल्सचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू होतो त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो, आणि तो आवाज हवेत तसाच रेंगाळत राहतो. आठ महिन्यांनंतरही तिथे हातातलं काम थांबतं.

मग मी मोजायला बसले. चार-चार मात्रांचे बत्तीस बार, म्हणजे आठ-आठ बारचे चार भाग. पहिले दोन सारखे, तिसरा अर्ध्या सुरानं वर, चौथा परत मूळ जागी. पेटी काढून पांढरी दोनचा सा धरला आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेले, तर चक्क काफी थाट! तिसऱ्या भागात सा सरकून काळी दोनवर येतो: पाचही काळ्या पट्ट्या आणि दोन पांढऱ्या. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की सा हलत नाही, त्यामुळे हे सरकणं पहिल्यांदा अंगावर येतं. पण चौथ्या भागात सा परत आला की समेवर आल्याचं समाधान मिळतं. माइल्स, मग जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल ॲडरली (दोघेही सॅक्सोफोनवर), प्रत्येकी दोन आवर्तनं. हे मोजता आलं त्या दिवसापासून सोलो मला पसारा वाटेनासा झाला.

एक अडचण सांगून ठेवते. सुरुवातीला माझ्याकडे जुनी प्रत होती आणि पेटी तिच्याशी काही केल्या जुळेना, रेकॉर्ड किंचित चढी लागायची. पेटीच उतरली असं वाटून ती दुरुस्तीला न्यायची तयारी केली होती. मग कळलं की मार्चमधल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र जरा हळू चालत होतं, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जुन्या प्रतींवर चढ्या ऐकू येतात. १९९२च्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. पेटी घेऊन बसणार असाल तर त्यानंतरची प्रत घ्या. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बासच गेला तर 'सो व्हॉट'मध्ये प्रश्न विचारणार कोण?

बाकीच्या रचनांत 'ऑल ब्लूज' सहाच्या चालीत आहे. दादरा मोजणाऱ्याला लगेच घरचं वाटेल. 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये पियानोवर विंटन केली आहे आणि इतर चार रचनांत बिल एव्हान्स. दोघांच्या बोटांतला फरक ओळखू येणं हा माझा तिसऱ्या महिन्यातला आनंद. सगळ्यात उशिरा उलगडली ती 'फ्लेमेंको स्केचेस'. तिथे पाच स्वरमालांचा क्रम ठरलेला आहे, पण प्रत्येकीवर किती वेळ थांबायचं ते वादकानं ठरवायचं. ती रात्री, दिवे मालवून ऐकावी.

ज्यांना शब्दांशिवाय करमत नाही त्यांनी मात्र इथून सुरू करू नये. त्यांनी एला फिट्झजेराल्ड आणि आर्मस्ट्राँगची १९५६ची 'एला अँड लुई' घ्यावी. ताल आवडणाऱ्यांना डेव्ह ब्रूबेकची 'टाइम आउट' जास्त लवकर धरून ठेवेल, त्यात पाच आणि नऊ मात्रांचे हिशेब आहेत.

मी सध्या कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'वर आहे, डिसेंबर १९६४चं ध्वनिमुद्रण. त्यात बास चार सुरांचा एक तुकडा देतो आणि कोल्ट्रेन तो सॅक्सोफोनवर बाराही पट्ट्यांतून फिरवत नेतो. मी रोज रात्री पेटीवर त्याच्या मागे जाते. काल सातव्या पट्टीपर्यंत पोचले.