अ‍ॅनिमोनसाठी घेतलेला १/१० एचपी चिलर : सांगलीच्या उन्हाळ्यात कसा चालला

सांगलीत समुद्री टँक ठेवायचा म्हटलं की लोक आधी मिठाचं आणि लाइटचं विचारतात. खरा घाम एप्रिलमध्ये फुटतो. आमचा फ्लॅट विश्रामबागेत, वरच्याच मजल्यावर. हॉलमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक, त्यात खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, म्हणजे एक बबल टिप अ‍ॅनिमोन आणि ऑसेलारिस क्लाऊन माशांची जोडी. (ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, पण टँकमध्ये बिनतक्रार नांदतो.) बाहेर पारा चाळिशीला टेकला की टँकचं पाणी ३१ अंशांवर जायचं.

बबल टिपला २५ ते २७ अंश मानवतं. पाणी तापलेलंच राहिलं की तो पेशींतलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकायला लागतो, आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालावरच चालतं. आमचा अ‍ॅनिमोन फिकट पडला होता, तोंड सैल, तपकिरी तार सुटलेली.

त्याआधी टँकवर पंखे लावले होते. कोरड्या एप्रिलात पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो, त्याला नावं ठेवणार नाही. पण रोज चार-पाच लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं आणि वेळेवर आरओचं पाणी टाकलं नाही तर क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) १.०२५ वरून वर सरकते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तर पंखा नुसता फिरतो.

म्हणून चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र. किंमत पंचवीस हजारांच्या घरात, घरच्यांना मी पूर्ण आकडा सांगितलेला नाही. घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली: आतली कॉइल टायटॅनियमची आहे ना. एका दुकानदाराने "ताई, कुठलाही चालतो" म्हणत गोड्या पाण्याचं, तांब्याच्या कॉइलचं यंत्र पुढे केलं होतं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं आणि अ‍ॅनिमोन, कोळंबी, गोगलगायी यांना ते विषच.

चालतो कसा? २६ वर लावलाय, २७ झालं की सुरू होतो. डिस्प्ले मात्र खऱ्या तापमानापेक्षा जवळजवळ दीड अंश कमी दाखवत होता, म्हणजे २६ म्हणून पाणी साडेसत्तावीस. वेगळा थर्मामीटर टाकून पाहिल्यावर कळलं. सेटिंगमध्ये फरक भरता येतो, पण माहितीपत्रकातली ती ओळ मुंगीच्या अक्षरात. त्याचा एक स्टार कापला.

दुसरा स्टार उष्णतेपायी. पाण्यातली गरमी तो मागून हॉलमध्येच ओततो. बंद कपाटात ठेवला तर स्वतःच गुदमरेल, म्हणून आम्ही बाल्कनीच्या दाराशी सरकवला आणि पाइप लांबवले. आवाज जुन्या फ्रिजइतका, सासूबाई आता टीव्हीचा आवाज त्याच्यावर चढवून ऐकतात. मागच्या जाळीवर धूळ साचते, महिन्याकाठी ब्रशने झाडावी लागते, नाहीतर कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

लाइट गेली की आमच्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप आणि तरंगत्या बर्फाच्या बाटल्या. वीज आल्यावर चिलर तीन मिनिटं थांबून मगच सुरू होतो, कॉम्प्रेसरसाठी ते बरंच.

अ‍ॅनिमोनचं सांगायचं तर, पाणी स्थिर झाल्यावर पाय खडकाच्या त्याच फटीत रोवून बसलाय, हिंडायचा थांबला. रंग भरायला मात्र महिने लागले. आता कोळंबीचा मुगाएवढा तुकडा दिला की स्पर्शकांची टोकं त्याला चटकन चिकटतात, तुकडा तोंडाकडे जातो आणि मादी क्लाऊन तोच ओढायला धावते. टोकांचे फुगे कधी दिसतात, कधी नाही, त्याचा तापमानाशी संबंध लावत बसू नका.

सांगलीत अधिकृत सर्व्हिस सेंटर मला सापडलं नाही. वॉरंटी संपल्यावर फ्रिजच्या मेकॅनिकनेच उघडून पाहिला. गॅस नेहमीचाच आहे, काम पडलं तर भरून देतो म्हणाला.