आर्ची: सगळ्या आर्किटेक्टांना एकच मॉडेल पुरेल का?

आयटी विभागात बिझनेस, डेटा, अ‍ॅप्लिकेशन आणि इन्फ्रास्ट्रक्चर असे वेगवेगळे आर्किटेक्ट असले की प्रत्येकाची चित्रं वेगळ्या पीपीटीत पडून राहतात आणि एकाच सिस्टिमला तीन नावं पडतात. आर्ची हे टूल नेमकं याच दुखण्यावर आहे. मोफत, ओपन सोर्स, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. ओपन ग्रुप या संस्थेच्या आर्चिमेट भाषेत (संस्थेचं काम आणि सिस्टिम ठरलेल्या चिन्हांनी मांडण्याची भाषा) यात मॉडेल, म्हणजे सगळ्या घटकांची आणि त्यांच्यातल्या नात्यांची एकच नोंद, बनतं आणि चित्रं म्हणजे त्या मॉडेलची दृश्यं, व्ह्यू.

हा फरक डोक्यात बसला नाही तर टूल घेऊन काही उपयोग नाही. पॅलेटमधून (चिन्हांच्या पट्टीतून) चौकट ओढली की मॉडेलमध्ये नवं एलिमेंट, म्हणजे नवा घटक, तयार होतो; आधीचंच हवं असेल तर ते डावीकडच्या मॉडेल ट्रीमधून ओढायचं. एखाद्या प्रकल्पाची रचना करणारा सोल्युशन आर्किटेक्ट घाईत पॅलेटमधून दुसरं ‘ग्राहक नोंदणी’ टाकतो. मग सगळ्या संस्थेचं चित्र पाहणाऱ्या एंटरप्राइज आर्किटेक्टने व्हिज्युअलायझर (एका एलिमेंटची सगळी नाती दाखवणारी खिडकी) उघडून ‘ही सिस्टिम बंद केली तर काय काय अडेल’ हे पाहिलं की अर्धीच जाळी दिसते, आणि निर्णय त्या अर्ध्या जाळीवर होतो. व्हॅलिडेटर ही मॉडेल तपासणारी सोय एकाच नावाची, एकाच प्रकारची एलिमेंट दाखवतो. तो दर आठवड्याला चालवावाच. डिलीट करतानाही तेच: व्ह्यूमधून काढणं वेगळं, मॉडेलमधून काढणं वेगळं. मॉडेलमधून काढलं की ते सगळ्या चित्रांतून जातं.

बिझनेस आर्किटेक्टला हे टूल छान जमतं. केपेबिलिटी (संस्थेच्या क्षमता) एकात एक बसवून नकाशा होतो आणि लेबल एक्स्प्रेशन, म्हणजे चौकटीवर काय लिहायचं याचं छोटं सूत्र, लावलं की प्रॉपर्टीत भरलेला मालक थेट चौकटीवर दिसतो. अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्टची चूक बहुतेक वेळा बाणात होते. सर्व्हिंग या सेवेच्या नात्याचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. डेटा कुठून कुठे जातो हे दाखवायला फ्लो हे वेगळं नातं आहे. ही दोन नाती मिसळली की इंटिग्रेशनचं चित्र उलटं वाचलं जातं.

डेटा आर्किटेक्टची मात्र निराशा होईल. आर्चीतल्या डेटा ऑब्जेक्टला कॉलम किंवा ‘की’ (नोंद ओळखायचा कॉलम) नसतात, त्यामुळे ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) दुसऱ्या टूलमध्येच काढावा लागतो. सोल्युशन आर्किटेक्टलाही सीक्वेन्स डायग्राम (सिस्टिममधले संदेश क्रमाने दाखवणारं चित्र) इथे मिळत नाही. त्यांच्यावर आर्चीची सक्ती करू नये. त्यांनी फक्त आपली सिस्टिम आणि तिचे इंटरफेस मॉडेलमध्ये नोंदवले तरी पुरे.

टीमने मिळून काम करायचं तर कोआर्ची प्लगइन लागतं. ते मॉडेल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत) ठेवतं: प्रत्येक एलिमेंटची वेगळी फाइल, पण अख्ख्या व्ह्यूची एकच. म्हणून दोघांनी एकच व्ह्यू बदलला की एकाचं काम टाकून द्यावं लागतं. प्रत्येक व्ह्यूला एकच मालक ठरवा आणि आपले बदल रोज पब्लिश करा, म्हणजे सामायिक मॉडेलमध्ये पाठवा.

यादी एक्सेलमध्ये न्यायची असेल तर सीएसव्ही एक्स्पोर्ट एलिमेंट, रिलेशन आणि प्रॉपर्टी अशा तीन फाइली देतो. नावं मराठीत असतील तर एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ‘यूटीएफ-८ बीओएम’ निवडा. साधं यूटीएफ-८ घेतलं तर एक्सेलमध्ये अक्षरांचा चुरा दिसू शकतो.